उंबरठा ते उंबरठा

१९८४ साली लग्न होऊन बेळगावात आले, तेव्हा नवी ओळख झालेली प्रत्येक बाई पहिला प्रश्न विचारायची, "माहेर कुठलं?" मी "देवास" म्हणायचे. मग दुसरा प्रश्न ठरलेला, "ते कुठं आलं?" मी "इंदूरजवळ, मध्य प्रदेशात" म्हटलं की तिसरा प्रश्न नसायचाच, नुसता उद्गार असायचा, "किती लांब गं बाई!" सासूबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "दिल्लीच्या अलीकडं की पलीकडं?" त्यांना मैलांत रस नव्हता आणि किलोमीटरमध्येही नव्हता. गाडीत रात्री किती काढाव्या लागतात, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "दोन." त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हणजे वर्षातनं एकदा."

अंतराचं इतकं नेमकं उत्तर मला पुढे कुठल्याच नकाशात सापडलं नाही. गेल्या चाळीस वर्षांत बेळगाव आणि देवास आपापल्या जागेवरून एक इंचही हललेले नाहीत. पण त्यांच्यातलं अंतर मात्र इतक्यांदा बदललं, की कधी कधी वाटतं, अंतर ही वस्तू जमिनीवर नसतेच. ती घराघरांतल्या माणसांच्या हिशेबात असते. आज घरटी एक मूल पुण्या-बंगळुरात आणि दोन घरांआड एक परदेशात आहे. म्हणून आमच्या घरचा हा हिशेब तुमच्यापुढे मांडावासा वाटला.

तसं पाहिलं तर देवास आणि धार ही गावं मराठी माणसाला परकी नव्हेत. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात गेल्या. पवारांची एक शाखा धारला राहिली, आणि तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू देवासला. देवासची तर पुढे दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे! दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यातला, १७७५ सालचा. राजर्षी शाहू महाराजांनी आपली कन्या आक्कासाहेब देवासच्या थोरल्या पातीला दिली होती, आणि त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंह १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर येऊन शहाजी महाराज झाले. म्हणजे आपल्या भागातून देवासला लेकी देण्याची आणि तिकडून माणसं आणण्याची रीत काही माझ्यापासून सुरू झालेली नाही.

आणि बेळगावकरांना देवास ठाऊक असायला आणखी एक मोठं कारण आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयानं गाठलं म्हणून कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते देवासला गेले, टेकडीच्या पायथ्याशी राहिले, बरे झाले आणि १९९२ साली अखेरचा श्वासही त्यांनी देवासलाच घेतला. बेळगावहून मिरजेकडे निघालेली गाडी सुळेभावी स्टेशनवरून जाते. माहेरी निघाले की मी खिडकीतून ते स्टेशन बघायची आणि मनात म्हणायची, चला, प्रवासाचं पहिलं आणि शेवटचं स्टेशन एकाच माणसाच्या गावचं!

त्या वेळचा प्रवास म्हणजे चार रेल्वे आणि एक बस. बेळगाव ते मिरज मीटर गेज. मिरजेला हमाल शोधून, बोजे उचलून रुंद गाडीत बसायचं. पुण्याला पहाटे उतरायचं, नातेवाइकांकडे अंघोळ-जेवण उरकायचं आणि संध्याकाळी जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस धरायची. दुसऱ्या दिवशी पहाटे खांडव्याला उतरलं की पुन्हा मीटर गेज. खांडवा ते इंदूर हा रस्ता होळकरांचा. तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला त्यासाठी एक कोट रुपये कर्जाऊ दिले होते. पातालपाणीचा घाट चढताना गाडी इतकी सावकाश जायची, की मुलं खाली उतरून चालण्याच्या गोष्टी करायची. वाटेत कालाकुंड नावाचं एवढंसं स्टेशन, तिथं पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा. माझ्या पिशवीत बेळगावचा कुंदा असायचा. कुंदा दोन रात्री टिकतो, म्हणून तोच न्यायचा. आमच्या घरी मिठाईसुद्धा अंतर बघून ठरायची.

इंदूरहून बसनं तासा-दीड तासात देवास. दारात आई उभी असायची. देवासची मराठी ती, हिंदीच्या सावलीत वाढलेली. ती विचारायची, "किती दिवस राहून राहिली?" बेळगावात कुणी ऐकलं तर हसेल, पण तिचा तो प्रश्न मला पुढे फार उपयोगी पडला. प्रवास कसा झाला हे तिनं नंतर विचारलं असेल, आधी कधीच नाही. पहिला प्रश्न नेहमी दिवसांचा.

१९९१ च्या नोव्हेंबरात वडील गेले. देवासहून सोमवारी सकाळी दहाला तार केली होती. ती मला मंगळवारी दुपारी मिळाली. संध्याकाळची गाडी धरली आणि तीन गाड्या बदलून गुरुवारी दुपारी दोनला मी दारात पोहोचले. तार केल्यापासून मोजलं तर ७६ तास. अर्थात सगळं केव्हाच उरकलेलं होतं. कुणी मला दोष दिला नाही, मीही स्वतःला दिला नाही. त्या काळी सासरी लांब दिलेल्या मुलीनं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पोहोचायचं, हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असायचं. लांब म्हणजे लांब. त्यात वाद नव्हता.

वाद सुरू झाला तो विमानं आल्यावर.

१९९८ साली माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी अमेरिकेला गेला, कॅलिफोर्नियात. मी त्याला लहानपणापासून दादाच म्हणते. तो गेला आणि आमच्या घरात 'लांब' या शब्दाचा अर्थ एका रात्रीत बदलला. आजवर लांबची म्हणजे मी होते. आता आई शेजारणींना सांगू लागली, "मुलगी तर जवळच आहे, बेळगावला." जागा बदलली नाही, गाडी बदलली नाही, रात्रीही दोनच. तरी मी जवळची झाले!

दादाचे फोन यायचे तेव्हा आई विचारायची, "अरे, किती लांब आहे ते?" तो म्हणायचा, "तेरा हजार किलोमीटर." तिला ते काही समजायचं नाही. मग तो हसून म्हणायचा, "आई, घरातला पृथ्वीचा गोल आण आणि दोरा लाव." आम्ही खरंच लावला. तुमच्या घरी मुलांचा गोल असेल तर तुम्हीही लावून बघा. कपाटावरच्या सपाट नकाशात इंदूरहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर एक तर युरोप नि अटलांटिक ओलांडून पश्चिमेला जावं लागेल, नाही तर चीन, जपान नि पॅसिफिक ओलांडून पूर्वेला. पण गोलावर दोरा ताणून धरला की तो ना पूर्वेला जातो ना पश्चिमेला, तो सरळ वर चढतो, उत्तरेच्या बर्फाकडे, आणि पलीकडे उतरतो. दोऱ्याची लांबी भरते साधारण १३,००० किलोमीटर. विमानाच्या अंतराचे जे आकडे छापलेले असतात, ते याच दोऱ्याचे असतात. बेळगावचा सांबरा तळ आणि इंदूरचा अहिल्याबाई होळकर तळ यांच्यात असाच दोरा धरला तर तो भरतो अवघा ७७० किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सरळ उत्तरेला. पुण्यावरून, धुळ्या-सेंधव्यावरून जाणारा डांबरी रस्ता मात्र सव्वानऊशेच्या घरात जातो.

पण दोरा हे अंतर झालं, वेळ नव्हे. याचा मोठा मजेदार दाखला २०१६ च्या ऑक्टोबरात मिळाला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या महिन्यात ते पहिल्यांदा उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून गेलं. रस्ता झाला १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि तरी ते साडेचौदा तासांत पोहोचलं, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी! कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे आहेत, हिवाळ्यात तर फारच जोरदार. पूर्वेला निघालेल्या विमानाला ते पाठीवर घेतात, पश्चिमेला निघालेल्याला छातीवर. पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होतं, असं पुष्कळांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरतच असते. फरक पाडतो तो वारा. आपल्या आजीला हे सांगायची गरज नव्हती. नावेत बसताना ती कोस विचारायची नाही, वारा कुठला आहे ते विचारायची.

वाऱ्यासारखंच राजकारणाचं. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यावर उघडलं. मधल्या काळात दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं वळसा घालून जात होती. २०२५ च्या एप्रिलात भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. जमिनीवर आखलेली रेघ आकाशातही जाते आणि माणसाच्या प्रवासात तास घालते. सीमाभागातल्या वाचकांना हे आणखी समजावून सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येते. २०१८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका गुरुवारी रात्री साडेनऊला देवासहून चुलतभावाचा फोन आला. तो आणि वहिनी आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहतात, आईचं बघणं त्यांच्याकडेच असायचं. आईला दवाखान्यात नेलं होतं, छातीत दुखत होतं. "दोघंही या," एवढंच तो बोलला. त्याच क्षणी दादालाही फोन गेला. त्याच्याकडे गुरुवारची सकाळ होती, आठ वाजले होते.

मी रात्री अकराची पुण्याची बस धरली. पहाटे सहाला पुण्यात उतरले. सकाळच्या विमानात जागा नव्हती, संध्याकाळच्या विमानात एक मिळाली. मधे अख्खा दिवस. टॅक्सी करून निघाले असते तरी देवासला रात्रच झाली असती, आणि एकटीनं सेंधव्याचा घाट काढायचा होता, म्हणून विमानतळावर बसून राहिले. तिकिटावर प्रवासाचा वेळ छापलेला होता, सव्वा तास. त्या सव्वा तासाकडे बघत मी दिवस काढला. शुक्रवारी रात्री साडेदहाला मी देवासच्या दवाखान्याच्या दारात होते. फोनपासून मोजून २५ तास.

दादानं नऊच्या आत घर सोडलं, त्याच दिवशीचं दिल्लीचं थेट विमान त्याला मिळालं, सुमारे सोळा तासांचं. दिल्लीला लगोलग इंदूरचं मिळालं. रात्री बाराला तो हातात छोटी पेटी घेऊन जिना चढून आला. साडेसव्वीस तास.

मी ७७० किलोमीटरवरून आले होते, तो १३,००० किलोमीटरवरून. माझ्यापेक्षा सतरापट लांबून आलेला माणूस माझ्यामागून दीड तासात पोहोचला! आईला दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागलं, तेव्हा आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून हा हिशेब केला आणि हसलो. दादा म्हणाला, "ताई, म्हणजे आपण दोघं शेजारीच राहतो की!"

विमानाच्या वेळेचं गणित मला त्या बाकावर नीट कळलं. तिकिटावर छापलेला वेळ तळावर उभ्या विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून दुसऱ्या तळावर ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. त्याच्या आधी घर ते तळ असतं, तासभर आधीच बंद होणारी खिडकी असते, तपासणीची रांग असते. त्याच्यानंतर पेटीची वाट बघणं असतं, आणि पुढचा रस्ता. सगळ्यात मोठा असतो तो मधला रिकामा वेळ, जोडणारं पुढचं विमान मिळेपर्यंतचा. मोठ्या शहरातून मोठ्या शहराला विमानं पुष्कळ, म्हणून तो वेळ थोडा. आपल्यासारख्या आडगावच्या माणसाचा सगळा दिवस त्यातच जातो. इंदूरचा तळसुद्धा शहराच्या पश्चिमेला, बिजासन टेकडीच्या बाजूला. धारहून येणाऱ्याला तो वाटेवर पडतो, देवासहून येणाऱ्याला सगळं इंदूर ओलांडावं लागतं. विमान तळापासून तळापर्यंत जातं. माणूस उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत जातो. विमानाला सासर-माहेर नसतं!

मग २०२० च्या जानेवारीत बेळगावहून इंदूरला थेट विमान सुरू झालं. पन्नास माणसांचं छोटं विमान. पेपरात बातमी वाचली आणि मी शेजारणीला हाक मारून दाखवली. फेब्रुवारीत तिकीट काढलं. घर सोडल्यापासून पाच तासांच्या आत मी देवासच्या दारात उभी! सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "एकही रात्र नाही? मग ते लांब कसलं?" कुंदा नेला होता, तो डब्यात अजून मऊ होता. मी आईला आधी कळवलं नव्हतं. दार उघडून तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "काय झालं? कोण गेलं?" असं तिनं विचारलं. तिच्या सगळ्या आयुष्यात मुलगी अशी अचानक दारात आली म्हणजे वाईटच बातमी, असाच अनुभव होता. सहज म्हणून आले, हे तिला पटवून द्यायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. मग नेहमीचा प्रश्न, "किती दिवस राहून राहिली?" मी चार दिवस राहिले.

पंचवीस मार्चला देशातली विमानं बंद झाली, ती दोन महिने बंदच राहिली. रेल्वे थांबल्या, रस्त्यांवर अडथळे लागले. एप्रिलमध्ये एका पहाटे आई झोपेतच गेली. वय झालं होतं, त्रास झाला नाही. चुलतभाऊ आणि वहिनी होते, त्यांनी सगळं केलं.

धारला माझा आतेभाऊ असतो. धार ते देवास शंभर किलोमीटर. पण मधे इंदूर, आणि त्या एप्रिलात इंदूरमध्ये साथीनं कहर केला होता, शहर कडेकोट बंद होतं. शंभर किलोमीटरवरचा तो निघू शकला नाही. ७७० किलोमीटरवरची मी निघू शकले नाही. १३,००० किलोमीटरवरचा दादा निघू शकला नाही. तिघांनीही एकाच वेळी, एकाच फोनवर, आईला निरोप दिला. कधी काळी धारला जायला बैलगाडी लागत असेल, आणि कित्येक दशकं धारला रेल्वेही नव्हती, तरी तेव्हाचा माणूस निदान पोहोचला असता. त्या दिवशी तिघांचं अंतर सारखं झालं होतं. १९९१ साली ७६ तास, २०१८ साली २५ तास, २०२० च्या फेब्रुवारीत ५ तास, आणि दोनच महिन्यांनी पोहोचणंच नाही. हा आमच्या घरचा अंतराचा इतिहास.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. त्या वर्षी आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच झालं. लिहायचं कारण पुढे आहे.

वर्ष संपत आलं तेव्हा मी देवासला गेले. घर आवरायचं होतं. आईच्या कपाटात साड्यांखाली जुन्या कालनिर्णयांची चळत निघाली. दरवर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर काढून ती जपून ठेवायची, हे मला माहीत होतं. दूधवाल्याचा हिशेब, गॅसची तारीख, एकादश्या, सगळं त्यावर लिहिलेलं. त्यात काही तारखांभोवती लाल गोल होते, काहींभोवती निळे. जरा वेळानं उलगडलं. लाल गोल म्हणजे दादा घरी असलेले दिवस. निळे म्हणजे माझे.

मी आणि वहिनी जमिनीवर बसून १९९८ पासूनचे गोल मोजत गेलो. दादा दोन-अडीच वर्षांनी एकदा यायचा, पण आला की वीस-बावीस दिवस राहायचा. मी वर्षातून दोनदा, कधी तीनदा जायची, चार-पाच दिवसांसाठी. मधे मुलांच्या परीक्षा आल्या, सासूबाईंचं आजारपण आलं, तेव्हा काही वर्षं एकदाच. बेरीज झाली: दादाचे २१४ दिवस, माझे २३१.

बावीस वर्षांत सतरा दिवसांचा फरक! जवळची आणि लांबचा, असा जो भेद आम्ही सगळे वर्षानुवर्षं मानत आलो, तो आईच्या कॅलेंडरावर जवळजवळ नव्हताच. तिनं कधी कुणाला हे दाखवलं नाही, कधी ऐकवलं नाही. ती फक्त दिवस मोजत होती. किलोमीटर दादा मोजायचा, तास मी मोजायची, आणि आई दिवस. तिघांत खरं माप तिचंच होतं, असं आता वाटतं.

लांबच्या माणसाला आपण लांब आहोत हे माहीत असतं, म्हणून तो तयारीनं येतो, रजा साठवतो, आला की टिकून राहतो. जवळच्याला वाटतं, काय, कधीही जाता येईल. विमान सुरू झालं, रस्ता चौपदरी झाला, की हे 'कधीही' आणखी सोपं होतं आणि आणखी पुढे ढकललं जातं. प्रवासाचे तास कमी झाले म्हणून मुक्कामाचे दिवस वाढतात, असं काही नाही. उलट सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी सोय होते आणि गोल काढायलाही काही उरत नाही. मैत्रिणींनो, हे माझ्याच घरात मी पाहिलं. तुमच्या घरातही जरा कॅलेंडर उघडून पाहा.

माझी लेक आता मेलबर्नला असते. परवा फोनवर तिनं विचारलं, "आई, तुला काही झालं तर मला पोहोचायला किती वेळ लागेल?" प्रश्न ऐकून ह्यांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. मी म्हटलं, कागद घे. मेलबर्न ते दिल्ली दोऱ्यानं १०,२०० किलोमीटर, विमानानं साडेबारा-तेरा तास. तिच्या घरापासून तळापर्यंत आणि आधी थांबण्याचे मिळून चार. दिल्लीहून पुढचं विमान मिळेपर्यंतचे आणि मुंबई किंवा गोव्याला उतरून बेळगावपर्यंत गाडीचे धरून दहा-बारा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर २७-२९ तास, आणि त्यावर थोडी सूट ठेवायची. पासपोर्ट कुठे, तिकिटाला पैसे कोणत्या खात्यात, इथे कोणत्या शेजाऱ्याकडे किल्ली, हेही लिहून घेतलं. प्रत्येक घरानं हा कागद करून ठेवावा असं माझं मत आहे. त्यात अभद्र काही नाही. ऐन वेळी हात कापत असताना वेळापत्रक वाचता येत नाही.

पण मग मी तिला कागद उलटा करायला सांगितला. म्हटलं, आता दुसऱ्या बाजूला लिही. हे जे तीस तास तू मला काही झाल्यावर घाईनं घालणार आहेस, तेच तीस तास मी धडधाकट असताना घातलेस तर किती दिवस राहता येईल? ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा मिळेल."

स्वयंपाकघरात पुढच्या वर्षाचं कॅलेंडर यायचं आहे अजून. लाल पेन मात्र मी आणून ठेवलं आहे.